बाराक कुणावर भुंकतो

दादोंग सुवेनी कुत्र्याची तक्रार घेऊन क्लियानकडे गेली, हीच तिची चूक झाली. मला ते लगेच कळलं नाही. मंडपात झावळ्या कापत बसलेल्या बायकांना मात्र कळलं असावं, कारण त्यांचे चाकू एकाच वेळी थांबले.

सुवेनी सगळ्या वस्तीची दादोंग, म्हणजे आजी, आणि तिची तक्रार साधी होती. तिच्या घराकडून देवळाकडे जाणारी गल्ली गेदे दार्मिकाच्या दारावरून जाते. एका अंगाला त्याच्या आवाराची भिंत आणि दुसऱ्या अंगाला आमची. दारात त्याचा कुत्रा बसलेला असतो. अंगाने तांबूस आणि तोंड कोळशात बुडवल्यासारखं काळं. रंगावरूनच त्याचं नाव बाराक, म्हणजे तांबडा. दादोंग डोक्यावर टोपली घेऊन निघाली की तो उठायचा आणि गल्लीच्या मधोमध उभा राहून छाती फुटेस्तोवर भुंकायचा. मग ती मागे फिरून खालच्या ओढ्यातून जायची. तिथल्या शेवाळलेल्या दगडांवरून ती एकदा पडली होती आणि तेव्हापासून उजवा पाय जरा ओढत चालायची.

आमच्या बांजारमध्ये, म्हणजे बालीतल्या आमच्या वस्तीत, देवळाचा सगळा नैवेद्य तिच्या देखरेखीखाली होतो. कुठल्या विधीला कुठलं फूल कुठल्या दिशेला ठेवायचं, तांदळाच्या पिठाच्या आकृत्यांना कुठला रंग द्यायचा, हे बायका तिलाच विचारतात. तिचा नवरा गेला, मुलगा सुराबायाला जाऊन तिकडचाच झाला. राहिलं ते हे काम. आणि देवळाचा उत्सव तोंडावर आला होता.

क्लियान म्हणजे वस्तीचा प्रमुख, आमच्याकडे सुदिर्गा. भांडण वाढू न देणं हेच तो आपलं काम समजतो. त्याने दोन्ही घरांना मंडपात बोलावलं. बायका कामाला बसल्याच होत्या, पुरुष खांबांना टेकून सिगारेटी ओढत होते.

"मी भांडायला नाही आले," दादोंग म्हणाली. "सकाळी देवळात जाताना आणि दुपारी परत येताना कुत्रा आत घ्यावा, एवढंच. पुन्हा पडले तर नैवेद्य कोण बघणार?"

गेदे दार्मिका दगड कोरतो. हातावरच्या केसांत पांढरी भुकटी तशीच घेऊन तो आला होता. "क्लियान, दारात कुत्र्याने नाही भुंकायचं तर मग मी बसून भुंकू का?"

पुरुष हसले. क्लियानही हसला.

"माझ्याकडे गिऱ्हाइकं येतात," दार्मिका म्हणाला, "दगडाची गाडी येते, भाजीवाली येते. कुणाची कधी तक्रार नाही."

त्याची बायको लुह आर्यानी कडेवरच्या बाळाला थोपटत मागे उभी होती. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तो दुसऱ्या कुणावर भुंकतच नाही, दादोंग. फक्त तुमच्यावर भुंकतो. का, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. आम्ही कशाला बोलावं?"

इथे चाकू थांबले.

आमच्याकडे चेटूक करणाऱ्या बाईला लेयाक म्हणतात. ती दिवसा तुमच्या-आमच्यासारखीच दिसते, माणसांना ती ओळखू येत नाही, कुत्र्याला येते. हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही माहीत असतं. म्हणून शेजारच्या कोंबड्याची तक्रार करता येते, डुकराच्या वासाची करता येते. कुत्रा आपल्यावर भुंकतो अशी तक्रार कुणी तोंडाने करत नाही. दादोंगने ती चारचौघांत केली होती.

"कुत्रा बांधून ठेव," क्लियान घाईघाईने दार्मिकाला म्हणाला. "विषय संपला."

विषय संपला नाही. आमच्याकडे दोर डुकराच्या गळ्यात असतो, कुत्र्याच्या नाही. बाराकने बांधलेल्या जागेवरून दिवसभर असा आकांत मांडला की अख्खी गल्ली वैतागली, आणि वैतागली ती दादोंगवर. संध्याकाळी दार्मिकाने त्याला सोडून दिलं आणि कुणी काही म्हटलं नाही.

"तिच्या घरचं काही खाऊ नकोस," माझी आई त्या आठवड्यात मला म्हणाली. आईला आम्ही मेमे म्हणतो.

"का?"

"असंच."

"मेमे, झावळी कापायला तुला तिने शिकवलं."

"म्हणून तर मला वाईट वाटतं." आईने भाताचं पातेलं झाकलं. "वाईट वाटतं, पण तू खाऊ नकोस."

मंडपात दादोंगच्या दोन्ही बाजूंच्या चटया जरा लांब सरकल्या. कुणी सरकवल्या हे दिसलं नाही. तिने पिठाचा रंग सांगितला की बायका मान डोलवायच्या आणि मग आपसात पुन्हा विचारून घ्यायच्या. आर्यानीचं बाळ पोटात वायू धरून रडायचं, तेही तिच्याच नावावर गेलं. उत्सवाचा नैवेद्य या वेळी आर्यानीच्या मावशीकडे द्यावा असं कुणीतरी क्लियानच्या बायकोच्या कानावर घातल्याचं आईनेच मला सांगितलं.

मी डेनपसारला पशुविज्ञान शिकले. परत आल्यापासून कुत्र्यांना रेबीजची लस टोचणाऱ्या पथकात आहे. जाळी टाकून पकडताना कुत्रं कशाने बिथरतं आणि कशाने निवतं, हे बघायची सवय लागते. बाराकला लस मीच टोचली होती. तो चावरा नव्हता. माझ्यावर भुंकायचा, मग शेपूट हलवायचा. म्हणून मला मुळात प्रश्न पडला तो सोपा होता. दादोंगमध्ये असं काय आहे जे माझ्यात नाही?

आमचं दार त्यांच्या दारासमोर आहे. सुट्टीच्या सकाळी मी पायरीवर बसून बघू लागले. आधी वाटलं, ओढत चालणारा पाय. पण त्याच गल्लीतून काठी टेकत जाणाऱ्या म्हाताऱ्यावर तो थोडंच भुंकायचा. मग वाटलं, ती गुडघ्यांना लावते त्या लवंग आणि आल्यासारख्या गलंगल मुळाच्या लेपाचा वास. मी तिच्याकडून लेप मागून घेतला, हातापायांना चोपडला आणि त्याच्या समोरून गेले. बाराकने हुंगून शिंक दिली.

उत्तर मिळालं ते भाजीवालीमुळे. तिची मोटारसायकल आली की बाराक जोरात भुंकायचा, अगदी दादोंगवर भुंकतो तसाच. आर्यानी मंडपात खोटं बोलली होती, किंवा तिने कधी नीट ऐकलंच नव्हतं. पण भाजीवाली गाडी बंद करून तिथेच उभी राहायची, वांगी काढायची, भाव ओरडायची. बाराक थोडा वेळ भुंकून कंटाळायचा आणि आडवा व्हायचा. दादोंग आली की तो भुंकायचा आणि ती मागे फिरायची. मग तो शेपूट उंच करून, काम फत्ते केल्यासारखा, आपल्या जागी परत जायचा.

मी तिच्याकडे गेले. ती अंगणात टोपलीचं झाकण विणत होती.

"दादोंग, तो तुला हाकलतो."

"ते मलाही दिसतं, डेक." वस्तीत मला डेक म्हणतात.

"तसं नाही. भुंकलं की तू जातेस, हे तो शिकलाय. पहिल्यांदा कधीतरी टोपलीवरचं पांढरं फडकं वाऱ्याने उडालं असेल. तो दचकला, भुंकला, तू फिरलीस. तेव्हापासून तो रोज जिंकतोय. भाजीवाली हरत नाही, म्हणून तिच्यावर लगेच गप्प होतो."

"म्हणजे मी चेटकीण नाही?" तिने मान वर न करता विचारलं. "बरं झालं सांगितलंस. मला शंका यायला लागली होती."

मला हसू आलं, तिला आलं नाही.

"मग करायचं काय?"

"फिरायचं नाही. समोर उभं राहायचं. दगड नको, काठी नको, खाऊ नको. त्याच्याकडे बघायचंही नाही. तो थकेपर्यंत उभं राहायचं."

"किती वेळ?"

"ते नाही सांगता येत. आणि एक आहे. गप्प व्हायच्या आधी तो जास्त चवताळेल. नेहमीचं चालेनासं झालं की आधी जोर वाढतो, मग सुटतं. सगळ्या जनावरांत असंच दिसतं."

तिने विणकाम मांडीवर ठेवलं. "आणि हे गल्लीत करायचं. सगळ्यांच्या दारात."

"कुत्रा तिथेच बसतो ना."

"पोरी, तुला कुत्री कळतात. तो माझ्यावर भुंकतो म्हणून लोक बोलतात, आणि तू सांगतेस की त्याच्यासमोर उभी राहून त्याला पोटभर भुंकू दे. बघणाऱ्याला काय दिसेल?"

ओढ्याची वाट बरी, असं म्हणून तिने पुन्हा विणायला घेतलं.

ती ओढ्यातूनच जात राहिली असती. पण देवळाची नवी भिंत पुरी झाली. भिंत दार्मिकानेच कोरली होती. नव्या बांधकामाची शांती करायची तर बळीत तांबड्या अंगाचा आणि काळ्या तोंडाचा कुत्रा लागतो. पुरोहिताने यादी सांगितली तेव्हा सगळ्यांच्या नजरा आपोआप एकीकडे गेल्या, आणि दार्मिका स्वतःच म्हणाला, "शोधायला कशाला जायचं? माझी भिंत, माझा कुत्रा. त्याचा जन्म सुधारेल." विधीत गेलेल्या जनावराला पुढचा जन्म वरचा मिळतो असं आम्ही मानतो. दार्मिकाने ते मनापासून म्हटलं होतं. घरी जाऊन त्याने बाराकला अंघोळ घातली, ती मी माझ्या दारातून पाहिली.

क्लियान खुशीत दादोंगकडे आला. मी तिथेच होते.

"बघा दादोंग, देवानेच वाट काढली. परवा सकाळी माणसं कुत्रा घेऊन जातील. विधीही होईल, तुमची कटकटही जाईल."

"चांगलं झालं," दादोंग म्हणाली. त्याच्यासाठी तिने कॉफी केली. त्याने पेल्याला हात लावला, घाई आहे म्हणाला आणि गेला.

तो वळणापलीकडे गेल्यावर तिने त्याचा भरलेला पेला उचलला. मग म्हणाली, "तो मेला तर मी संपले, डेक."

"का? गल्ली मोकळी होईल तुला."

"ओळखणारा होता, त्यालाच संपवला म्हणतील. आधी बांधायला लावलं, मग मारायला लावलं. तक्रार कुणाची होती?" ती पेल्याकडे बघत होती. "जिवंत आहे तोवर त्याला सगळ्यांदेखत गप्प तरी करता येईल. मेल्यावर तो जन्मभर माझ्यावर भुंकत राहील."

मी क्लियानच्या मागोमाग त्याच्या घरी गेले. दुसरा कुत्रा शोधा म्हटलं. वरच्या गावांत तांबड्या कुत्र्यांना तोटा नाही. कारण विचारल्यावर सगळं सांगितलं, भाजीवालीसकट. त्याने मध्ये न बोलता ऐकून घेतलं, ही त्याची खरी चांगली सवय.

"तू म्हणतेस ते खरंही असेल," तो म्हणाला. "पण बायकांना मी काय सांगू? कुत्र्याला सवय लागली होती म्हणून? डेक, त्यांना प्रश्नच पडलेला नाही. उत्तर त्यांच्याकडे आहे."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, कुत्रा जाऊ दे," क्लियान म्हणाला.

त्या सकाळी माणसं यायच्या आत दादोंग निघाली. नेहमीसारखी पांढरा सदरा, लुंगी, कमरेला पिवळा पट्टा, डोक्यावर फडक्याने झाकलेली टोपली. बाराक उठला. पहिल्या भुंकण्यालाच आमच्या घरातली कुत्री ओरडू लागली आणि गल्लीतली दारं उघडली.

ती त्याच्यापासून चार हातांवर थांबली आणि समोरच्या भिंतीकडे बघत उभी राहिली.

तो भुंकला. ती हलली नाही. तो मागे सरून पुन्हा पुढे आला, पुन्हा भुंकला, त्याने तिच्यामागची वाट मोकळी आहे का हे बघितल्यासारखं वाकून बघितलं. माझ्या शेजारी येऊन उभी राहिलेली आई पुटपुटली, "जाते का नाही ही?" समोरच्या दारात आर्यानी आली, तिने बाळाचं तोंड ओढणीने झाकलं आणि आत नेलं. दोर घेऊन आलेली माणसं गल्लीच्या तोंडाशीच थांबली.

"बघा, कसा पेटलाय," त्यांतला एक म्हणाला.

"आज सोडत नाही तिला."

मग मी सांगितलं होतं ते सुरू झालं. आवाज चढला, चिरका झाला. बाराक उड्या मारू लागला, दोनदा तिच्या लुंगीच्या काठाला तोंड लावून मागे पळाला. दादोंगचा दुखरा गुडघा थरथरताना लुंगीवरून दिसत होता. डोक्यावरची टोपली हलत होती, ती सावरायला तिने हात वर नेला नाही. मला पुढे जाऊन तिला धरावंसं वाटलं. गेले असते तर सगळं फुकट गेलं असतं, म्हणून मी चौकटीला धरून राहिले. आपण सांगितलं ते बरोबर आहे याची खात्री असणं आणि ते एका म्हातारीच्या गुडघ्यावर घडताना बघणं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो.

भुंकण्यात खंड पडू लागले. एका खंडात त्याने शिंक दिली. पुढच्या खंडात बसून कान खाजवला. उठला, आठवण झाल्यासारखा भुंकला, आणि मग बसला तो बसूनच राहिला. जीभ बाहेर, नजर दुसरीकडे.

दादोंग त्याच्या जवळून गेली. देवळात टोपली ठेवून परत आली तेव्हा तो पुन्हा उठला, पण थोडंच भुंकला. ती थांबली, तो बसला. ती वळली, पुन्हा देवळाच्या बाजूला गेली, पुन्हा आली. या वेळी त्याने नुसती मान उचलली.

मी आईचा हात दाबला. आईने तो सोडवून घेतला.

दार्मिका कधीपासून दारात उभा होता. त्याने खाली बसून बाराकचं तोंड दोन्ही हातांत धरलं, डोळ्यांत बघितलं, जबडा उघडून जीभ बघितली. मग दोरवाल्या माणसांना म्हणाला, "हा नाही चालायचा."

"का?"

"त्याला काहीतरी केलंय तिने. असला कुत्रा देवाला कसा देऊ?"

कुणी त्याला वेड्यात काढलं नाही. माणसांनी माना हलवल्या आणि दोर गुंडाळला. आम्हाला शिकवताना सांगायचे की प्रयोग करण्याआधी दोन्ही निकाल मनात मांडून बघा. असा निकाल आला तर हे खरं, तसा आला तर ते. मी दादोंगला इतकं सगळं सांगितलं होतं आणि हे सांगायचं राहिलं होतं की इथे दोन्ही निकालांचा अर्थ आधीच एक ठरलेला आहे. की तिला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, कुणास ठाऊक.

दुपारी क्लियानने वरच्या गावाहून दुसरा कुत्रा आणवला. तांबडा, काळ्या तोंडाचा, बाराकहून लहान. विधी वेळेवर झाला.

उत्सवाच्या मुख्य नैवेद्याचं काम सुरू झालं त्या सकाळी क्लियानने मंडपात सांगितलं की या वेळी आर्यानीची मावशी देखरेख करेल, बाकी ज्यांना यायचं त्यांनी यावं. दादोंगला त्याने या म्हटलं नाही आणि येऊ नका असंही म्हटलं नाही.

ती आली. हातात आपला चाकू, काखेत गुंडाळलेली चटई. मधली जागा मावशीने घेतली होती. दादोंग मंडपाच्या कडेला, पायरीपाशी उभी राहिली.

"बाराकला नाही आणलं?" कुणीतरी विचारलं.

"त्याला घरी राखण ठेवलं असेल. आता तिचं ऐकतो ना तो."

"मला तो मंत्र द्या, दादोंग. आमच्या सासूवर चालतो का बघते."

हशा पिकला. सासूही तिथेच होती, तीही हसली. नुसते विनोद असते तर बरं होतं. पण मग आर्यानी झावळीवरची नजर न काढता म्हणाली, "त्याची वाचा बांधली तशी आमची नका बांधू. आमच्या घरात लहान मूल आहे." यावर कुणी हसलं नाही. एकीने आपली फुलांची परात दादोंगच्या बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. दुसरीने ठेवली. मावशी म्हणाली की जागा कमी आहे. खरं तर अर्धा मंडप रिकामा होता.

दादोंग खांबाकडे बघत उभी होती. खांद्यांची आणि मानेची ती ठेवण मी ओळखली. गल्लीत ती अशीच उभी होती.

मी माझी चटई उचलून तिच्या जवळ नेली. आईने मला नावाने हाक मारली, एकदाच. मी बसले.

"डेक," दादोंग हळूच म्हणाली, "हा जोर वाढलाय ना?"

"वाढलाय."

"तू म्हणालीस तसाच? सुटायच्या आधीचा?"

मला हो म्हणता आलं असतं. "ते कुत्र्यांचं होतं, दादोंग. माणसांचं मी शिकले नाही."

"बरं," ती म्हणाली. तिने चटई अंथरली, दुखरा पाय हाताने उचलून सरळ केला, आणि ढिगातली एक झावळी ओढून शीर काढायला लागली. दिवसभर तिला कुणी काही विचारलं नाही. मावशीने पूर्वेच्या ताटात कुठली फुलं घालायची ते तीनदा बदललं. दादोंगने मान वर केली नाही. तिने कापलेल्या पानांचा ढीग संध्याकाळी होता तिथेच पडून होता. मी तो उचलून इतरांच्या ढिगात टाकला, तेव्हा आर्यानीने तो हाताने वेगळा केला.

दुसऱ्या सकाळी बोलणं कालच्यापेक्षा वाढलं होतं. गल्लीतून येताना बाराकने तिच्याकडे बघितलं नव्हतं, हेही कुणीतरी पाहून आलं होतं आणि तेच चाललं होतं. दादोंग पायऱ्या चढली. मंडप गप्प झाला, मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठ्याने. ती कालच्या जागी चटई अंथरून बसली.